मागच्या चाकांसाठी टो प्लेट्स: प्लेट झकास, टेप बदलून घ्या

मागच्या टायरच्या ट्रेडवरून तळवा आडवा फिरवा. आत नेताना गुळगुळीत आणि बाहेर ओढताना करवतीसारखं लागलं, किंवा उलट, तर टोवर, म्हणजे वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत त्यावर, संशय घ्यायला हरकत नाही. हे घरी तपासायला मी अ‍ॅल्युमिनियमच्या टो प्लेट्सची जोडी आणि सोबतचे दोन टेप वापरते. प्लेट्सवर मी बेहद्द खूश आहे. टेपवर मुळीच नाही.

वापर सोपा आहे. दोन्ही मागच्या चाकांना बाहेरून एकेक प्लेट टेकवायची, खाचांत टेप अडकवायचे आणि चाकांच्या पुढचं व मागचं अंतर वाचायचं. पुढचं कमी भरलं तर टो-इन, जास्त भरलं तर टो-आउट. माझ्या प्लेटच्या खाचांमध्ये 600 मिमी अंतर आहे, त्यामुळे 1 मिमी फरक म्हणजे दोन्ही चाकांचा मिळून साधारण 0.1 अंश. काही मॅन्युअलमध्ये आकडा मिमीत असतो, काहींत अंशांत. हा हिशेब हाताशी ठेवा.

टायर जमिनीजवळ फुगलेला असतो. सपाट पत्रा टेकवला तर तो त्या फुगवट्यावर डुलतो. या प्लेट्सना हबच्या (चाकाच्या मध्याच्या) उंचीवर दोन उंचवटे दिलेत, ते टायरच्या कडेला नीट बसतात. फक्त उंचवटा टायरवरच्या उठावदार अक्षरांवर आला तर मोजमाप बिघडतं. म्हणून मी एकदा मोजून गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याइतकी पुढे ढकलते, पुन्हा मोजते आणि सरासरी घेते. रिम किंचित वाकडी असली तरी तो दोष यातच निघून जातो. हवेचा दाब आधी सारखा करायचा, हे वेगळं सांगायला नको.

आता टेप. दोन्ही शेजारी ताणून धरले तर दीड मीटरवर रेघा जुळत नाहीत! जिथे एकेका मिलिमीटरसाठी झगडायचं तिथे हे चालणारच नाही. मी चांगल्या प्रतीचे एकाच बनावटीचे दोन टेप घेतले, आणि तरीही पडताळा म्हणून अदलाबदल करून एकदा मोजतेच.

प्लेट्सची खरी मर्यादा मात्र वेगळी आहे. त्या एकूण टो सांगतात, कुठल्या चाकाचा किती ते नाही. एकूण आकडा बरोबर आणि तरी दोन्ही चाकं एकाच बाजूला वळलेली, असंही असू शकतं. मग सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग तिरकं धरावं लागतं. त्यासाठी दोरा लागतोच: गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर ताणलेला, पुढच्या दोन्ही हबपासून सारख्या अंतरावर आणि मागच्या दोन्ही हबपासूनही सारख्या. पुढची आणि मागची अंतरं एकमेकांशी जुळायची गरज नाही, कारण पुढच्या चाकांमधलं अंतर आणि मागच्यांमधलं अंतर बहुधा वेगळं असतं. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरा किती लांब आहे ते पट्टीने बघायचं. मागच्या चाकांचं आधी, पुढच्यांचं नंतर. मागची चाकंच गाडीची दिशा ठरवतात.

स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर बहुतेकदा खालच्या आर्मवर कॅम बोल्ट (फिरवला की आर्म थोडा सरकवणारा बोल्ट) असतो. नट सैल करण्याआधी कॅमच्या जागेवर रंगाची खूण करा. कॅम्बरही (चाकाचा उभा कल) बदलायचा असेल तर तो आधी, कारण त्याने टो हलतो. नट आवळतानाही कॅम थोडा सरकतो, म्हणून शेवटचं मोजमाप टॉर्क रेंच वापरून झाल्यावरच. बोल्ट बुशच्या (आर्मच्या सांध्यातल्या रबरी भागाच्या) नळीत गंजून अडकला असेल तर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवा.

आणि मागे एकसंध बीम अ‍ॅक्सल असेल, तर फिरवायला बहुधा काहीच नसतं. तिथे हब आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये निमुळती शिम (पातळ चकती) घालावी लागते. तरीही प्लेट्स घ्याच. कुठल्या मापाची शिम हवी ते प्लेट्स आणि दोऱ्याच्या आकड्यांवरूनच ठरतं.