साल्व्हादोर, बेलो होरिझोन्ते की बेलें? ब्राझीलमध्ये खाण्यासाठी कुठे जावं

ब्राझीलला जाणारी आपली बहुतेक मंडळी रिओ आणि साओ पावलो करतात, एका रात्री त्या मांसाच्या सळ्या घेऊन टेबलाटेबलावर फिरणाऱ्या हॉटेलात जेवतात आणि परत येऊन सांगतात की तिकडे मांसाशिवाय काही मिळत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण तिथे राज्य बदललं की तेल बदलतं, पीठ बदलतं, सगळी चूलच बदलते. तेव्हा हातात तीन-चार दिवस जास्तीचे असतील तर एक शहर फक्त खाण्यासाठी ठेवा. कोणतं, ते तुमच्या जिभेवर आहे.

मालवणी किंवा गोव्याच्या जेवणावर वाढलेले असाल तर डोळे मिटून साल्व्हादोर. बाईया राज्याची ही राजधानी, आणि इथली चव पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी घडवली. संध्याकाळी रिओ व्हर्मेल्यो भागात जा, पांढरा घेरदार झगा आणि डोक्याला पांढरं फडकं बांधलेल्या बायका कढई मांडून बसलेल्या दिसतील. चवळी भिजवून, सालं काढून वाटायची, त्यात कांदा-मीठ घालून लाकडी चमच्याने हलकं होईपर्यंत फेटायचं आणि देंदे नावाच्या केशरी पामतेलात तळायचं, हा अकाराजे. आपला वडाच म्हणा, फक्त मुठीएवढा. मग तो मधोमध चिरून त्यात पाव, सुकट, शेंगदाणे, नारळाचं दूध घालून केलेला वातापा, भेंडीचा कारुरु, वर सुकी कोळंबी. ती बाई विचारते गरम हवं का, त्याचा अर्थ तिखट घालू का असा असतो, त्यामुळे नीट विचार करून हो म्हणा! हा पदार्थ कांदोम्ब्ले धर्मात इयान्सां देवीचा नैवेद्य आहे, आणि या बायकांच्या व्यवसायाची 2005 मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद झालीय. दुपारी मोकेका खा, म्हणजे मातीच्या भांड्यात नारळाचं दूध आणि देंदे घालून शिजवलेलं मासळीचं कालवण, भाताबरोबर. एकच सांगतो, देंदे पोटाला जड असतं, पहिल्याच दिवशी तीन अकाराजे खाऊ नका.

तिखट नको, घरचे वडीलधारे बरोबर आहेत, शांतपणे जेवायचंय? मग मिनास जेराइस राज्य, म्हणजे बेलो होरिझोन्ते. इथे समुद्र नाही, सगळं चीज, कोंबडी, डुक्कर, राजमा आणि केलसारखी हिरवी पालेभाजी. कोंबडी-भेंडीचा रस्सा मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीबरोबर मिळतो, तो चुकवू नका. आणि पाँव जी केजू, म्हणजे चीजचे गरम छोटे पाव. पाव हा आपला शब्द त्याच पोर्तुगीज 'पाँव'वरून आलाय, आणि यात मैदा नसून कसाव्याचा स्टार्च असतो, म्हणजे आपल्या साबुदाण्याचंच कंद! बाहेरून कुरकुरीत आणि आत ताणला जाणारा, सकाळी कॉफीबरोबर पाच-सहा सहज जातात. मेर्कादो सेंत्राल हा 1929 पासूनचा बाजार, तिथे कानास्त्रा चीज चाखत फिरा. लोक तिथे उभ्याउभ्याच कलेजी आणि झिलो नावाच्या कडू वांग्याची तव्यावरची भाजी खातात.

आणि जगात दुसरीकडे मिळत नाही असं काही हवं असेल तर बेलें, अ‍ॅमेझॉनच्या मुखाजवळ. युनेस्कोने 2015 मध्ये या शहराला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हटलं (बेलो होरिझोन्तेला 2019 मध्ये). उकाड्यात घाम पुसत लोक गरमागरम ताकाका पितात, मला आधी पटेना. कसाव्याचा आंबट पिवळा रस तुकुपी, चिकट स्टार्च, कोळंबी आणि जांबू नावाच्या पालेभाजीची पानं, सगळं भोपळ्यासारख्या फळाच्या वाटीत. जांबूने ओठ झिणझिणतात आणि मग बधिर होतात, आपल्याकडच्या अक्कलकाढ्यासारखंच. मानिसोबा तर कसाव्याची पानं जवळजवळ आठवडाभर उकळून करतात, कारण कच्च्या पानात विष असतं. आणि असाई, म्हणजे एका ताडासारख्या झाडाच्या जांभळ्या फळांचा गर, इथे गोड आईस्क्रीमसारखा नसतो, बिनसाखरेचा, तळलेल्या माशाबरोबर जेवणातच खातात. वेर-ओ-पेझो बाजारात सकाळी जाऊन तेच खा.

शाकाहाऱ्यांसाठी तिन्हीकडे अडचण आहे. बाईयात कोळंबी, मिनासमध्ये राजम्यातही डुकराची चरबी, बेलेंमध्ये तर पर्यायच कमी. तरी मिनास सगळ्यात सोपं, कारण चीज, पाव, पेरूच्या वड्या चीजबरोबर, हे सगळं आहे. अंडं चालत नसेल तर पाँव जी केजूबद्दल मात्र विचारून घ्या. दुपारी वजनावर पैसे घेणारी हॉटेलं शोधा, ताटात हवं तेच वाढून घेता येतं.

वेळ कमी असेल तर रिओहून बेलो होरिझोन्ते साधारण 440 किलोमीटर, बसनेही जमतं. साल्व्हादोरला विमान घ्या. बेलें लांब आहे, तिथे किमान तीन रात्री असतील तरच जा, आणि दुपारचा पाऊस धरूनच बेत आखा, तिथली माणसं भेटीची वेळसुद्धा पावसाआधी की पावसानंतर अशीच ठरवतात. मला स्वतःला एकच निवडायचं झालं तर साल्व्हादोर, त्या कढईजवळ उभं राहून गरम अकाराजे खायला.