एकच वूफर, दोन खोकी: सील्ड आणि पोर्टेड एन्क्लोजर वापरल्यानंतरचा अनुभव

कारमधल्या सबवूफरची चर्चा बहुधा वूफरचा आकार आणि अ‍ॅम्प्लिफायरचे वॅट यांभोवतीच फिरते आणि खोक्याचा विषय ‘डिकीत मावेल ते’ एवढ्यावर मिटतो. मी गेले काही महिने तोच १२ इंची वूफर, तोच अ‍ॅम्प आणि तीच हॅचबॅक गाडी ठेवून आधी पोर्टेड (हवा आतबाहेर जायला नळी, म्हणजे पोर्ट, असलेले) आणि नंतर सील्ड (पूर्ण बंद) खोके वापरले. आवाजाचा स्वभाव खोकेच ठरवते, हे त्यातून मला पुरते पटले.

दोन्ही खोकी करून पाहण्याला कारण होते. वूफरच्या माहितीपत्रकात एफएस (खोक्याबाहेर वूफर स्वतः ज्या वारंवारतेला सर्वांत सहज थरथरतो ती) ३० हर्ट्झ आणि क्यूईएस (ती थरथर त्याची विद्युत बाजू किती आवरते याचे माप) ०.४२ असे आकडे दिले होते. पहिल्याला दुसऱ्याने भागले की सुमारे ७१ येते. हा भागाकार ५० च्या आसपास किंवा खाली असेल तर सील्ड आणि १०० च्या जवळ असेल तर पोर्टेड, असा ढोबळ ठोकताळा आहे. माझा वूफर बरोबर मधे पडत होता, म्हणजे कागदावर निर्णय होण्यासारखा नव्हता.

पोर्टेड खोके निव्वळ ४२ लिटरचे आणि ३४ हर्ट्झला ट्यून केलेले होते, म्हणजे त्या वारंवारतेला पोर्टमधली हवा सर्वांत जोरात डोलते. ‘निव्वळ’ म्हणजे वूफरचा मागचा भाग, आतले आधार आणि खुद्द पोर्ट यांनी व्यापलेली जागा वजा करून उरलेले आकारमान. ही वजाबाकी किरकोळ नसते, कारण एवढ्या खोक्याला १० सेंटीमीटर व्यासाचा पोर्ट हवा असेल तर तो सुमारे ४१ सेंटीमीटर लांब निघतो. अरुंद पोर्ट आखूड चालतो, पण आवाज वाढवला की त्यातून हवेची फुसफुस ऐकू येते. आवाजाच्या जोराबाबत या खोक्याबद्दल तक्रार नाही. ट्यूनिंगच्या जवळ कोन (वूफरचा पुढेमागे हलणारा पडदा) जेमतेम हलतो आणि बहुतेक काम पोर्टच करतो, त्यामुळे थोड्या पॉवरमध्ये भरपूर बेस मिळतो. मात्र ट्यूनिंगच्या खाली कोनाला हवेचा आधार उरत नाही. तिथे सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारी सोय) नसेल तर वूफर स्वतःलाच इजा करून घेतो.

खटकत होते ते वेगळेच. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते. त्या तारेवरचे स्वर इतर स्वरांपेक्षा फुगून यायचे आणि ड्रमचा ठोका संपल्यावरही त्याची शेपटी मागे रेंगाळायची.

याचे कारण गाडीच्या केबिनमध्ये आहे. बंद केबिनच्या लांबीपेक्षा ध्वनिलहरीची अर्धी लांबी मोठी झाली की त्याखालच्या सुरांचा दाब आपोआप वाढत जातो. तीन मीटर लांबीच्या केबिनसाठी ही सीमा साधारण ५७ हर्ट्झला येते. सिद्धांतात ही वाढ दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत असते. पत्रा थरथरतो आणि फटींतून हवा निसटते, म्हणून प्रत्यक्षात ती कमी भरते. पोर्टेड खोके नेमके याच पट्ट्यात आधीच जोर लावत होते.

सील्ड खोके २८ लिटरचे, म्हणजे जवळजवळ एक घनफूट आहे. त्यात वूफरचा अनुनाद ५३ हर्ट्झच्या आसपास जातो आणि क्यूटीसी (खोक्यात बसवलेल्या वूफरची थरथर किती आवरली जाते याचे माप) ०.७ च्या जवळ येतो. त्याखाली आवाज दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, पण केबिन जवळपास तिथूनच चढू लागते आणि एकाची घसरण दुसऱ्याची वाढ बरीचशी भरून काढते. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये बंद खोक्यातल्या हवेलाच स्प्रिंग मानून घरगुती स्पीकर बांधला होता. माझ्या मते ही कल्पना दिवाणखान्यापेक्षाही गाडीला अधिक मानवते. आता गिटारचे स्वर वेगवेगळे मोजता येतात आणि ठोका जिथल्या तिथे थांबतो. त्याची किंमत अ‍ॅम्पला मोजावी लागते: तेवढ्याच जोरासाठी गेन (अ‍ॅम्प सिग्नल किती वाढवतो ते) बराच वाढवावा लागला.

सील्ड खोक्यात बारीकशी गळतीही चालत नाही. कोन तळव्याने हळूच आत दाबून सोडावा. तो रेंगाळत परतला तर खोके हवाबंद आहे, झटकन परतला तर कुठेतरी फट आहे. माझ्या खोक्यात ती वायरच्या टर्मिनलभोवती निघाली आणि सिलिकॉनने बुजवली. खोक्यासाठी १८ मिलिमीटर एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) पुरेसा ठणठणीत आहे, फक्त त्याच्या कापलेल्या कडा ओल शोषून फुगतात, म्हणून त्यांना सीलर लावणे टाळू नये.

सेडानमध्ये मी कदाचित पोर्टेडच निवडले असते, कारण तिथे डिकी आणि केबिन यांच्यामध्ये मागची सीट आडवी येते आणि बराच बेस मागेच अडकतो. ज्यांना मोठा, लांबवर जाणारा दणका हवा आहे, त्यांचेही सील्डने समाधान होणार नाही. सील्डबद्दल माझी एकच तक्रार उरली आहे: खिडकीची काच खाली केली की केबिनचा आधार सुटतो आणि सर्वांत खालचा बेस लगेच पातळ होतो. काचा उघड्या ठेवून जायचे असेल तेव्हा मी बेसचा नॉब थोडा चढवतो. तरीही गेलेले सगळे परत येत नाही.