ट्रॅबेक्युलेक्टॉमीनंतरचं जवळजवळ वर्ष: ब्लेब, सुई आणि आता नळी

आधी निकाल सांगून टाकते. माझ्या उजव्या डोळ्याचं काचबिंदूचं ऑपरेशन (ट्रॅबेक्युलेक्टॉमी) होऊन वर्ष होत आलं. डोळ्याचा दाब आधी उतरला, मग नको तितका उतरला आणि आता परत चढलाय. तरीही 'उगीच केलं' असं मी म्हणणार नाही. चार प्रकारचे थेंब घालूनही दाब ३० च्या खाली येत नव्हता. त्या दाबावर हा डोळा एव्हाना गेलाच असता.

आमच्याकडे डोळ्याचं ऑपरेशन म्हटलं की लोकांना मोतीबिंदूच आठवतो. पट्टी निघाली, दिसायला लागलं, झालं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकावी एवढ्याचसाठी हा खटाटोप. वरच्या पापणीखाली डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक बारीक झडप कापतात. आतलं पाणी तिथून झिरपून वरच्या पातळ आवरणाखाली जमतं आणि हळूहळू शोषलं जातं. तो फुगवटा म्हणजे ब्लेब. गोची अशी की शरीर कुठलीही जखम भरायला बघतं, आणि ही पूर्ण भरली तर ऑपरेशन फुकट. म्हणून मायटोमायसिन हे मूळचं कॅन्सरचं औषध स्पंजावर घेऊन काही मिनिटं तिथे लावतात. जखम कमी भरली तर पाणी जास्त वाहतं, जास्त भरली तर वाट बुजते. माझ्या डोळ्याने दोन्ही करून दाखवलं.

पहिल्या आठवड्यांत दाब ४ वर गेला. ६ च्या खाली गेला की त्याला हायपोटोनी म्हणतात. दुखत काहीच नव्हतं, पण दाराची चौकट मधेच वाकलेली दिसायची आणि पेपरातल्या ओळी लाटांसारख्या हलायच्या. डोळा सैल पडल्यामुळे आतल्या पडद्याला चुण्या पडल्या होत्या. अ‍ॅट्रोपिनचे थेंब, स्टेरॉइडचे थेंब, वर पट्टीसारखी एक मोठी लेन्स, आणि सक्त ताकीद: वाकायचं नाही, उचलायचं नाही, जोर करायचा नाही.

तारकर्लीला घरगुती खानावळ आणि दोन खोल्या चालवणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे काय ते विचारू नका. रहाट ओढणं, विळीवर बसून मासे कापणं, चुलीवर फुंकर, गणपतीपुढे वाकून नमस्कार, सगळं बंद. सुनेने उचलून धरलं म्हणून निभावलं. बाहेरून डोळा अगदी छान दिसायचा, त्यामुळे बाजारात जो भेटेल तो विचारी, "काय गो, डोळो बरो झालो मां?" मी हो म्हणायची. हायपोटोनी मासळीच्या टोपलीपुढे उभं राहून कोण समजावणार?

दाब हळूहळू वर आला, चौकट सरळ झाली. दोन-तीन महिने खरंच चांगले गेले. मग ब्लेबभोवती जाड आवरण धरायला लागलं आणि दाब २४ झाला. तेव्हा निडलिंग केलं. थेंबांनी डोळा बधिर करून, बारीक सुईने आतले जखमेचे धागे सोडवतात आणि ५-एफयू नावाचं औषध टोचतात. ऐकायला भयंकर, प्रत्यक्षात दाताच्या डॉक्टरकडे जास्त दुखतं. दाब १२ वर आला आणि मी घरी पेढे वाटले. काही आठवड्यांत तो परत चढायला लागला.

आता तीन थेंबांवर तो १८ आहे. नॉर्मल १० ते २१ म्हणतात, मग १८ ला काय झालं, असं मीही विचारलं. डॉक्टरांनी फील्ड टेस्टचा, म्हणजे नजरेचा घेर मोजणाऱ्या तपासणीचा, कागद समोर ठेवला. काळा भाग जवळजवळ मध्यापर्यंत आलाय. ज्याची डोळ्यामागची नस (दाबाने तीच खराब होते) शाबूत आहे त्याला १८ चालेल, माझ्या नसेला १२ च्या आसपास हवा. तुमचा आकडा शेजारणीच्या आकड्याशी ताडून बघू नका, फील्डच्या कागदाशी बघा.

मधल्या काळात काही दिवस डायमॉक्सच्या गोळ्या होत्या. दाब झटकन उतरतो, पण बोटांना मुंग्या, सारखं लघवीला आणि लिंबू सोडाही नुसत्या पाण्यासारखा लागायचा. थेंबांचं म्हणाल तर पावसाळ्यात वीज गेली की फ्रिजमधल्या बाटलीची काळजी. मी न उघडलेली बाटली मालवणात मेडिकलवाल्याकडेच ठेवते, त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं, आणि थेंब घातल्यावर नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा. टिमोलोल नावाच्या थेंबाने मला धाप लागायची, ती या दाबण्याने कमी झाली. ज्यांना दमा आहे त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावंच.

ब्लेब आहे तोवर जंतुसंसर्गाची भीती जन्मभर. डोळा लाल झाला, चिकट पाणी आलं, दुखलं किंवा अचानक धूसर झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्या नाही. पाहुणे स्नॉर्कलिंगला जातात, मी किनाऱ्यावर चपला सांभाळते.

आता पुढचं. पुन्हा सुई मारता येईल, पण एकदा बुजलेली वाट पुन्हा बुजेल असं मला वाटतं. डायोड लेसरने पाणी तयार करणारा भागच भाजतात. या डोळ्यात अजून वाचण्यापुरती नजर आहे, म्हणून तो उपाय मागे ठेवायचा असं मी दाखवलेल्या दोन्ही डॉक्टरांचं (एक गोव्यातले, एक कोल्हापूरचे) मत पडलं. उरली आतलं पाणी बाहेर काढणारी नळी. तिच्यात दोन जाती. अहमद व्हॉल्व्हमध्ये पडदा असतो, त्यामुळे पहिल्या दिवसापासून पाणी वाहतं आणि दाब सहसा एकदम कोसळत नाही. मदुराईच्या ऑरोलॅबची आडी नावाची नळी बिनव्हॉल्व्हची, किमतीने बरीच स्वस्त. ती धाग्याने बांधून ठेवतात. साधारण पाच-सहा आठवड्यांनी धागा विरघळतो आणि नळी उघडते. तोवर थेंब चालूच. लांबच्या पल्ल्यात तिचा दाब जास्त खाली राहतो, पण उघडते त्या दिवसांत हायपोटोनीचा धोका. दोन्हींत नळीवर नेत्रदानातून आलेल्या डोळ्याचा छोटा तुकडा शिवतात. हे ऐकल्यावर मी नेत्रदानाचा फॉर्म भरला.

गोव्यातले डॉक्टर व्हॉल्व्ह म्हणाले, कारण हा डोळा एकदा ४ वर जाऊन आलाय. कोल्हापूरचे आडी म्हणाले, कारण मला १२ हवेत. दोघांचंही खरं आहे. मी आडी घेतेय. एकदा चौकट वाकलेली बघून झालीय, ते मला ओळखता येईल. फील्डमधला काळा भाग पुढे सरकला तर मला कळणारही नाही.

मोतीबिंदूही वाढलाय, तो त्याच वेळी काढायचा की नंतर हे अजून ठरायचंय. गणपती विसर्जन झालं की ऑपरेशन. म्हणजे धागा सुटण्याचे दिवस दिवाळीच्या आसपास येतात, नेमके आमच्या गर्दीचे. तेव्हा मी कोल्हापुरात भाचीकडे राहणार, घाट उतरून घरी येणार नाही. दिवाळीची बुकिंगं जाऊबाईंना देऊन टाकली आहेत. धाकट्या भावाला मात्र अजून तपासणीला नेता आलेलं नाही. आईबापांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू असेल तर बाकीच्यांचा डोळा दाखवायलाच हवा, आणि तो म्हणतो मला सगळं दिसतंय. मलाही दिसतच होतं.