सीओटू लेझरचे पैसे घेतले, लावला कार्बन

चेहऱ्यावरचे मुरमांचे खड्डे 'सीओटू लेझर'नं (म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेझरनं) भरून देतो, असं सांगणारी शिबिरं सध्या यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी लागतात. सोयाबीनचा पैसा हाती आला आणि पोरींची पाहणी सुरू झाली की नेमकी तेव्हाच लागतात.

माझ्या बहिणीकडून १८ हजार रोख घेतले. लॉजच्या हॉलमधली पांढऱ्या कोटातली बाई म्हणाली, "भाऊ, दुखत नाही. उद्या वावरात गेली तरी चालते. छिद्रंबी बंद होतात." बॅनरवरचे डॉक्टर काही आलेच नाहीत. चेहऱ्यावर काळा लेप लावला, वाळू दिला आणि मशीन फिरवलं. ताडताड वाजत लेप उडाला. चेहरा लखलखीत! आठवडाभरात लकाकी गेली, खड्डे जागच्या जागी.

यवतमाळच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. हा लेप ऐकूनच त्या हसल्या. तो कार्बन पील. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एनडी-याग लेझरनं करतात. वरचं तेल, मळ जातो, असले खड्डे त्यानं भरत नाहीत. खरा फ्रॅक्शनल सीओटू १०,६०० नॅनोमीटरचा. तो कातडीत बारीक बारीक भोकं जाळतो, म्हणून आत नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला भरीव ठेवणारं प्रथिन, तयार होतं. आधी बधिर करायचं मलम लावून बसवतात, नंतर चेहरा लाल होतो, सुजतो, खपल्या धरतात. त्यामुळे 'उद्या वावरात' हे वाक्यच खोटं होतं. आपल्या सावळ्या कातडीवर, त्यात विदर्भाचं ऊन, सीओटूनं काळे डाग पडू शकतात. अर्बियम-याग या दुसऱ्या लेझरची (२,९४० नॅनोमीटर) धग आजूबाजूला कमी पसरते, जखम लवकर भरते. सुई टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांना बहुधा टीसीए हे कातडी सोलणारं अ‍ॅसिड लावतात, आतून ओढलेल्यांना सुईनं मोकळं करतात. छिद्रं कायमची बंद कशानंच होत नाहीत, फक्त बारीक दिसतात.

पैसे परत मागितले तर म्हणे, "सहा सिटिंग लागतात." पावतीवर लेझरचं नावच नाही, नुसतं 'ग्लो पॅकेज'! तुम्ही पैसे देण्याआधी मशीनचं नाव पावतीवर लिहून घ्या, आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या यादीत पाहा.

आम्ही ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही. सीओटूचा उल्लेख मात्र फक्त बॅनरवर होता. त्या बॅनरचा फोटो कुणी काढला असेल तर पाठवा.