वेळासचं कासव की आंबोलीचं देवगांडूळ?

सुट्टी एकाच सहलीपुरती असेल आणि प्राणी दिसायलाच हवा असेल, तर मंडणगड तालुक्यातलं वेळास निवडा. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या पिल्लांचं निदान गणित मांडता येतं. मादी एका घरट्यात शंभर-दीडशे अंडी घालते, ती साधारण ४५ ते ६० दिवसांत फुटतात. कोल्हे-कुत्र्यांपासून वाचवायला कासवमित्र ती कुंपणातल्या हॅचरीत हलवतात. तिथला खड्डाही मूळ घरट्याइतकाच खोल आणि मडक्यासारखा, तळाशी फुगीर. घरट्यावरची वाळू खचली, की पिल्लं येण्याच्या बेतात आहेत असं समजायचं. वाळू गार राहिली तर दिवस लांबतात (आणि नर जास्त निघतात), तिथेच पाहुण्यांचा अंदाज चुकतो.

म्हणून नुसत्या कासव महोत्सवाच्या तारखा पाहू नका. 'या आठवड्यात किती घरटी फुटायची आहेत?' हे विचारून मगच राहायचं ठरवा. हॅचरीतल्या घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या सकाळ-संध्याकाळ उचलतात, त्यामुळे दोन मुक्कामांत चार संधी मिळतात. एका मुक्कामात दोनच, आणि नाराज होऊन परतणारे बहुतेक हेच. राहणं-जेवण गावातल्या घरांत, साधं. हॉटेलच्या अपेक्षा घेऊन जाऊ नये. शनिवार-रविवारची गर्दी मात्र खरंच त्रासदायक. दोरीबाहेर उभं राहायचं आणि मोबाइलचा टॉर्च बंद ठेवायचा, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्र सोडून भलतीकडे चालू लागतात.

आंबोलीच्या पावसाळी रात्रफेरीचं प्रकरण वेगळं. इथल्या देवगांडुळाच्या एका जातीची, गेजेनिओफिस डॅनिएलीची, शास्त्रीय नोंद २००३ साली झाली. बिनपायाचा हा उभयचर जन्म मातीत काढतो. जोरदार पावसानंतर कधी वर येतो, कधी नाही. 'हमखास दाखवू' म्हणणारा गाइड एक तर नशीबवान, नाही तर दगड उलटून माती उकरणारा. दुसऱ्याला सरळ नकार द्या. उकरलं की ओल जाते आणि मातीत अंडी असतील तर तीही.

चांगला गाइड ओळखायची सोपी खूण: तो देवगांडूळ, गांडूळ आणि खापरखवल्या साप यांतला फरक सांगू शकतो. सापाला खवले दिसतात, देवगांडुळाची कातडी बुळबुळीत आणि कड्याकड्यांची. गांडूळ आखडतं-ताणतं, देवगांडुळाला मात्र कणा, जबडा आणि दात असतात.

जळवांसाठी वाटेवर मीठ टाकू नका. उभयचरांची कातडी ते शोषून घेते. पँट मोज्यात खोचा, पुरे. डास पळवणारं मलम हाताला असेल तर बेडकाला बोटही लावू नका. बेडूक, चापडा साप, आंबोली टोड यांच्यासाठी फेरी पैसे वसूल आहे. देवगांडूळ दिसलं तर वरकड. घाटरस्त्यावर गाडी सावकाश घ्या, पावसात ते डांबरावरही येतं.