दम्याचं ॲप फुकटातलं चालेल, मीटर मात्र नीट फुंका

तीव्र दम्यात छाती भरून यायच्या दोन-तीन दिवस आधीच पीक फ्लोचा, म्हणजे जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते याचा (लिटर प्रति मिनिट) आकडा बऱ्याचदा घसरायला लागतो. काहींना तर श्वासनलिका बऱ्याच आवळल्या तरी त्रास जाणवतच नाही. घरात मीटर हवं ते त्यासाठी. साधं प्लास्टिकचं मीटर मेडिकलमध्ये काही शेकड्यांत मिळतं, ब्लूटूथवालं हजारांत जातं.

आधी साधं. काटा तळाला आणायचा, उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट आवळायचे आणि एकच जोरदार फुंकर मारायची. वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवायची लांबलचक फुंकर इथे उपयोगाची नाही, पहिला झटका मोजला जातो. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. सरासरी काढू नये. वरचे दोन आकडे ४० पेक्षा जास्त लांब असतील तर आणखी एकदोनदा फुंका. चुका ठरलेल्या: बोट काट्याच्या खाचेवर येतं, जीभ नळीत शिरते, ओठांच्या कडेने हवा सुटते. या तिन्हींत आकडा कमी येतो. उलट थुंकल्यासारखा किंवा खोकल्यासारखा झटका दिला की तो फुगतो, आणि ही चूक जास्त घातक. सकाळ-संध्याकाळ, पंप घेण्याआधी, रोज त्याच वेळी. मीटर बदललं तर जुन्या आकड्यांशी तुलना करू नका, दोन मीटरांत फरक पडतो.

ब्लूटूथ मीटरची खरी किंमत अचूकतेत नाही, वेळेच्या शिक्क्यात आहे. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री तीस दिवसांचे आकडे एका बैठकीत भरायची सोय राहत नाही! काही मीटर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवाही मोजतात. बायोलॉजिक इंजेक्शनं (तीव्र दम्यावरची खास महागडी औषधं) चालू असतील तर हा खर्च पटतो, नाहीतर साधं पुरे.

ॲपमध्ये पहिल्यांदा एकच गोष्ट तपासा: हिरवा-पिवळा-लाल पट्टा ते कशावरून काढतं. बरीच ॲप्स वय-उंची विचारून अंदाजे आकडा धरतात. तीव्र दम्यात तो फसवा. दमा आटोक्यात असताना दोन आठवडे मोजून आलेला स्वतःचा सर्वोत्तम आकडा हाताने भरता आला पाहिजे. तो ४२० असेल तर ३३६ च्या (८० टक्क्यांच्या) वर हिरवा, २१० च्या (५० टक्क्यांच्या) खाली लाल, मधला पिवळा. तोच माणूस ॲपच्या हिशेबात ५५० चा धरला गेला, तर धडधाकट असतानाही रोज पिवळ्यात दिसेल आणि आठवड्याभरात इशाऱ्यांकडे बघणं सोडेल. दुसरं, सकाळ-संध्याकाळचा फरक दिसतो का ते पाहा. सकाळी ३००, संध्याकाळी ३९० म्हणजे २६ टक्के चढउतार. मोठ्यांत या चढउताराची दोन आठवड्यांची सरासरी १० टक्क्यांवर गेली की डॉक्टरांना दाखवा. तिसरं, पीडीएफ निघायला हवी. आठवणीची घंटा वाजत नसेल तर ॲपला दोष देण्याआधी फोनच्या बॅटरी सेटिंगमधून त्याला मोकळं करा.

बाहेरच्या हवेच्या प्रदूषणासाठी पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'सफर' बघावं. पुण्यात ते २०१३ पासून आहे आणि पुढचा अंदाजही देतं. पण तो आकडा परिसराचा असतो. शेजारच्या प्लॉटवर बिल्डरचं खोदकाम चालू असेल किंवा दिवाळीत खालच्या पार्किंगमध्ये माळ लागली असेल, तर ते त्यात दिसणार नाही. पावसाळ्यानंतर गाजरगवताचे परागही त्यात मोजलेले नसतात.

ऑक्सिमीटर सोबत असू द्या, पण त्याच्यावर विसंबू नका. दम्याचा झटका आला की ऑक्सिजन उशिरा उतरतो. ९६ दिसतं म्हणून थांबणं चुकीचं. पीक फ्लोचा आकडा लाल पट्ट्यात असला की डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून) पंप लगेच. एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर मीटर शोधत बसू नका, १०८ लावा आणि ते येईपर्यंत पंप चालू ठेवा.

धुणं आठवड्यातून एकदा, कोमट पाण्यात सौम्य साबण घालून, उकळायचं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आतली स्प्रिंग वाळायला अख्खा दिवस लागतो आणि ओलं मीटर चुकीचं दाखवतं, म्हणून संध्याकाळचं मोजून झाल्यावर धुवा आणि पंख्याखाली ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलासाठी मात्र घेऊ नका, त्याला ती फुंकर जमत नाही.