मुरमांच्या खड्ड्यांवर लेझर की मायक्रोनीडलिंग?

गालांवरचे खड्डे दाखवल्यावर डॉक्टरांनी तुमच्यापुढेही बहुधा हेच दोन पर्याय ठेवले असतील: फ्रॅक्शनल सीओटू लेझर, म्हणजे कातडीवर बारीक ठिपक्यांत किरणांचा मारा, किंवा मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी कातडी टोचणं. मी दोन्ही करून घेतलंय, लेझर एकदा आणि सुया तीनदा. क्लिनिकमध्ये काय करतात ते तुम्हाला ठाऊक असेलच. घरी परत आल्यावर पुढचे आठ-दहा दिवस कसे जातात त्याबद्दल मी सांगू शकतो, आणि गोव्याच्या उन्हा-घामात निर्णय बराचसा त्यावरच ठरतो.

परिणामात लेझर पुढे आहे, हे आधी मान्य करतो. एकाच बैठकीनंतर डाव्या गालावरचे उथळ खड्डे इतके भरले की दाढी करताना हाताला कळायचं. सुयांना तेवढाच फरक पाडायला महिना-दीड महिन्याच्या अंतराने तीन बैठका लागल्या. पहिल्या बैठकीनंतर तर पैसे पाण्यात गेले असंच वाटलं होतं. नवं कोलॅजन, म्हणजे खड्डे भरून काढणारं कातडीतलं प्रथिन, सावकाश, काही महिन्यांत तयार होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. टाचणीने टोचल्यासारखे अरुंद, खोल खड्डे मात्र दोन्हींना फारशी दाद देत नाहीत. त्यांच्यात डॉक्टर नेमकं खड्ड्यापुरतं तीव्र टीसीए ॲसिड लावतात, तेव्हा आपले खड्डे कोणत्या जातीचे आहेत ते आधी विचारून घ्या.

दुखण्याचं म्हणाल तर उन्नीस-बीस. भूल देणारं क्रीम दोन्हींत लावतात.

लेझर मी मुद्दाम नोव्हेंबरात केलं, हवा जरा बरी म्हणून. दुसऱ्या दिवसापासून चेहऱ्यावर बारीक तपकिरी ठिपक्यांची जाळी उठली, बोट फिरवलं तर रव्यासारखी लागणारी. या खपल्या आपोआप गळायला हव्यात, ओढायच्या नाहीत, आणि तोवर चेहरा पेट्रोलियम जेलीने सतत ओलसर ठेवायचा. चार दिवस रजा होती. पाचव्या दिवशी फोंड्याहून पणजीला कामावर निघालो, स्कूटरवर, अर्थात हेल्मेट घालून. बाणस्तारीचा पूल येईपर्यंत आत घाम आणि जेलीचा चिखल झाला होता. ऑफिसखाली हेल्मेट काढलं तेव्हा गालाजवळच्या स्पंजला चिकटून उजव्या गालावरच्या खपल्या निघून आल्या. खाली गुलाबी, ओली कातडी. आठवड्याभरात तिथे बोटाच्या पेराएवढा तपकिरी डाग पडला आणि तो शिगमा उलटून गेला तरी पूर्ण गेला नव्हता. खड्डा भरला आणि डाग मिळाला! क्लिनिकच्या कागदावर ऊन टाळा, घाम टाळा एवढंच होतं. रोज ये-जा कशाने करता, हे मला कुणी विचारलं नाही, मलाही सांगायचं सुचलं नाही.

दोष सगळा हेल्मेटचा नसावा. सीओटू लेझरचा किरण कातडीतलं पाणी तापवतो, त्या उष्णतेनेच काम होतं. आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला उष्णता किंवा जखम झाली की ती काळपट रंग धरते. साध्या सुयांमध्ये ही उष्णता नसते, म्हणून डाग पडायचा धोका कमी. अजिबात नाही असं नव्हे. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या सुया मात्र आत उष्णता सोडतात, तेव्हा क्लिनिकवाले नुसतं ‘नीडलिंग’ म्हणाले तर कोणतं ते विचारा.

सुयांनंतर माझा चेहरा पहिल्या दिवशी कडक उन्हात भाजल्यासारखा लाल, दुसऱ्या दिवशी ताणलेला, तिसऱ्या दिवशी थोडा कोरडा, बस्स. चौथ्या दिवशी हेल्मेट घातलं, काही झालं नाही. पहिले चोवीस तास साधं मॉइश्चरायझर सोडून काही नाही. रेटिनॉल आणि व्हिटॅमिन सी चेहऱ्याला लावणं मी आठवडाभर बंद ठेवलं. आई प्रेमाने हळद आणि खोबरेल घेऊन आली होती, तिला हात जोडून थांबवावं लागलं.

सनस्क्रीनची कटकट दोन्हींत आहे. दोन बोटांवर मावेल एवढं, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. रंगाची छटा असलेलं घ्या, त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणाऱ्या प्रकाशालाही अडवतं. डाग धरणाऱ्या कातडीला त्या प्रकाशाचाही त्रास होतो.

तुमचे खड्डे रुंद आणि जुने असतील, घरून काम होत असेल, दहा-बारा दिवस उंबरठा ओलांडायची गरज नसेल, तर लेझरला नाही म्हणू नका. एका फटक्यात बरंच साधतं. ओठांवर वरचेवर तापाचे फोड (जर) उठत असतील तर ते आधी सांगा, लेझरपूर्वी त्यावरच्या गोळ्या सुरू करतात. पण माझ्यासारखं रोज दुचाकीवर तीसेक किलोमीटर जाणं असेल, तर माझ्या मते सुयाच बऱ्या, वेळ लागला तरी. माझी सुयांची चौथी बैठक गणेशचवथीनंतर ठरली आहे. तेव्हाचे पहिले तीन दिवस मी स्कूटर घरी ठेवून कदंबाच्या बसने जाणार आहे, सावलीच्या बाजूची खिडकी धरून.